मऊ अस्तर आणि पहिली खुर्ची

११ फेब्रुवारी

खारे,

तुझ्या बाबाने तुला सगळं सांगितलंच असणार. माझा भाऊ आहे तो, त्याच्या पोटात काही राहिलं तर दुखायला लागतं. तर ऐक: जे कळलं ते खरं आहे, आणि काळजी करण्यासारखं काही नाही. बँडमधली पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य क्लॅरिनेटची जागा, मी सोडली. क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली. इतकी वर्षं वाजवली, आता पुरे.

बँड मात्र सोडलेला नाही. मी आता ट्रँगल वाजवते. हसू नकोस. तिकोनी वाकवलेली सळई दोरीला टांगलेली असते, तिच्यावर बरोबर वेळेला टिंग करायचं. अख्ख्या तालमीत मला चार-पाच टिंग येतात. उरलेला वेळ मी मास्तरांच्या टकलाकडे बघत बसते. काठी जोरात हलवली की ते चमकतं.

कवळीचं विचारलंस. उत्तम आहे. वरची जुनीच, खालची नवी. खालचा जबडा माझा अगदी सपाट झालाय म्हणून इथल्या डॉक्टरांनी कवळीला आतून मऊ अस्तर लावून दिलं. सोफे-गाद्या शिवण्यात जन्म गेला माझा, अस्तर म्हटल्यावर मी खूशच. पहिला महिना तर लोण्यावर बसवल्यासारखी वाटली. स्वच्छताही मी चोख ठेवते. रोज सकाळी उकळतं पाणी आणि वर चिमूटभर ब्लीच.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. 'स' म्हणायला गेलं की 'श' बाहेर पडतो. परवा एका गिऱ्हाइकाला 'सोफा सैल झालाय' असं सांगत होते, तर तो शेजारच्या बाईंकडे बघून हसायला लागला. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात माझा 'स' शाबूत आहे.

जेवणखाण ठीक. गाजर, सफरचंद वगैरेंचं उगाच कौतुक करतात लोक असं माझं आताशा मत झालंय.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा शंका आली, तिसऱ्यांदा तुझा राग आला.

गाजराचं कौतुक उगाच? हे तू सांगतेस? कापड शिवताना पिशवीतून कच्ची गाजरं काढून करकर खाणारी तू! आणि तुझ्या दुकानात सोफ्याची लाकडी कड मी कुरतडायचे म्हणून मला खार हे नाव ठेवणारीही तूच. चावण्याबद्दल आपल्या दोघींत खोटं चालायचं नाही.

मी इथे दवाखान्यात काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. सगळे म्हणतात, 'ही म्हाताऱ्यांच्या कवळ्यांची डॉक्टर.' म्हणोत. कवळीला लावतात त्या मऊ अस्तरांच्या मी बटणाएवढ्या चकत्या बनवते, त्या अंगाच्या तापमानाच्या पाण्यात ठेवते आणि अधूनमधून काढून एका बारीक सुईने दाबून बघते. सुई किती आत जाते त्यावरून कळतं, चकती किती मऊ राहिली. तुझ्या कवळीत असावं तसलं अस्तर मी रोज हाताळते.

म्हणून आता दोनच गोष्टी कर. कवळी हातात घे आणि अस्तरावर अंगठ्याचं नख दाब. खळगा पडतो का? पडला तर लगेच भरून येतो का? आणि मला खरं सांग, वाजवताना दुखायचं का?

'वय झालं' हे उत्तर चालणार नाही. ते मी दिवसभर ऐकते, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

तुझी खार


२४ फेब्रुवारी

खारे,

नख दाबलं. नख वाकलं. अस्तराला काही झालं नाही. बुटाच्या तळव्यासारखं झालंय, आणि कडेला खरखरीत.

आता विचारलंसच तर सांगते. दुखायचं म्हणजे काय, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यावा लागतो, आणि सगळा जोर तिथेच येतो. अस्तर नवं होतं तेव्हा मी पहिल्यासारखी वाजवत होते. मग हळूहळू हिरडीत खडा रुतल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "सवय होईल, बाई. या वयात हिरड्या नाजूक होतात." मला पटलं. मला वाटलं, अस्तर आहे तसंच आहे, मीच झिजले.

ज्या दिवशी सोडलं तो दिवस सांगते. तालीम चालू होती. अग्निशमन केंद्राच्या वरची आमची खोली तू पाहिली आहेस, खाली कोणी बादली ठेवली तरी वर ऐकू येते. माझा एकटीचा भाग आला. वरचा सूर धरला आणि कळ अशी आली की ओठ सुटला. बदकाची मान मुरगळावी तसा आवाज निघाला. सगळे थांबले. कोणी हसलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण मास्तर हळूच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. आता जरा हलकं काहीतरी घ्या." इतक्या मायेने म्हणाले की मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या क्लॅरिनेटवरची पोरगी माझ्या खुर्चीवर बसली. चांगली आहे ती, तिचा राग नाही. पण घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडतानासुद्धा हिरडी दुखत होती.

आता सांग, काय झालंय त्या अस्तराला? आणि पुन्हा लोणी लावता येतं का?

आत्या


२ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी आमच्या मोठ्या मॅडमना वाचून दाखवलं. रागावू नकोस. बदकाच्या जागी त्यासुद्धा थांबल्या.

तू झिजली नाहीस. अस्तर बदललं. या प्रकारच्या अस्तरात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, ते त्याला मऊ ठेवतं. तोंडातल्या लाळेत ते थोडं थोडं निघून जातं आणि त्याच्या जागी थोडं पाणी शिरतं. जितकं द्रव्य जातं तितकं अस्तर कडक होतं. हे सगळ्यांच्याच कवळीत होतं, कोणाच्या काही आठवड्यांत, कोणाच्या काही महिन्यांत. म्हणून ते अधूनमधून तपासायचं असतं आणि वेळ आली की बदलायचं असतं. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि तू तर रोज उकळतं पाणी ओतत होतीस! जे द्रव्य सावकाश गेलं असतं ते तू हाकलून लावलंस. वर ब्लीच.

तेच लोणी पुन्हा लावता येईल, पण ते पुन्हा कडक होईल. दुसरा प्रकार सिलिकॉनचा. त्यात ते निघून जाणारं द्रव्यच नसतं, म्हणून ते बरंच जास्त काळ मऊ राहतं. त्याचीही खोड आहे: कवळीला नीट चिकटलं नाही तर कडेने सुटतं. ते घाईने होत नाही. तुला इथे येऊन राहावं लागेल, आणि कवळी आमच्याकडे असेल तोवर खालच्या जबड्याने गप्प बसावं लागेल. मॅडमनी परवानगी दिली आहे. माप मी घेणार, काम मी करणार, त्या बघणार.

बॅग भर. क्लॅरिनेटही आण.

खार


२९ मार्च

खारे,

सुखरूप पोचले. आल्या आल्या बाजारातून गाजर आणलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. शेजारीण दारातून बघत होती, तिला कळेना करकर आवाज कुठून येतोय. 'स' सुद्धा सुधारलाय. माझ्या तोंडात तुझे हात फिरत होते आणि तू सारखी 'दुखतंय का, दुखतंय का' करत होतीस, तेव्हा मला हसू दाबून धरावं लागत होतं. तुझी जीभ दातांत धरायची सवय अजून गेली नाही.

पण एक सांगायला हवं. तुझ्या कामाला नावं ठेवणं जिवावर येतं, म्हणून चार दिवस थांबले. दुखत अजिबात नाही, पण क्लॅरिनेट वाजत नाही. जोर लावला की कवळी मागच्या बाजूला खचते आणि पुढून उचलली जाते. सूर धरला की तो हेलकावे खातो. आपल्या धंद्यात फार जाड फोम घातलेल्या खुर्चीवर बसलं की असंच होतं, माणूस रुततो आणि कलंडतो.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. खाता येतंय, बोलता येतंय, एवढं पुष्कळ झालं. मी फक्त विचारते आहे, समजा एखाद्याला मे महिन्यात एकदाच, थोडा वेळ, अगदी जीव ओतून वाजवायचं असेल, तर काही करता येईल का? कोणाला असं नाही, सहज.

आत्या


४ एप्रिल

आत्या,

'सहज' हा शब्द तू खोटं बोलतानाच वापरतेस. मे महिन्यात काय आहे ते मी विचारणार नाही. मला वाटतं मास्तर तुझा निरोपसमारंभ करणार आहेत आणि तुला त्यात शेवटचं एकदा वाजवायचंय. तसं असेल तर निरोपाला दणक्यात वाजव.

चूक माझी आहे. मी तुझ्या वेदनेला इतकी घाबरले होते की मागच्या बाजूला अस्तर गरजेपेक्षा जाड ठेवलं. मॅडमनी माझ्यासमोर हातात कवळी असल्यासारखं बोट दाबून दाखवलं आणि म्हणाल्या, "प्रेमाने केलेलं काम असं दिसतं. आता डोक्याने कर." मी दिवसभर तुझ्या मापाचा साचा न्याहाळत बसले. संध्याकाळी मात्र उमगलं, मला क्लॅरिनेट वाजवणारा जबडा पाहायलाच हवा. जेवणारा जबडा आणि वाजवणारा जबडा वेगळे. त्यामुळे या रविवारी ये, आणि या वेळी मी माप घेताना तू सूर धरल्यासारखा ओठ दुमडायचास.

आणखी एक. तुझ्या उकळत्या पाण्याने माझं काम उलटंपालटं केलंय. माझ्या चकत्या कोमट पाण्यात सुखाने पडून असतात, कोणी त्यांना छळत नाही. खऱ्या कवळ्यांचं तसं असतं का? मी आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांना विचारायला लागले. एक आजोबा व्हिनेगरमध्ये बुडवतात. एक बाई तारेच्या चोथ्याने घासतात. गरम पाणी तर घरोघरी! आता मी नव्या चकत्या केल्यात आणि तुम्ही लोक जसे वागता तशी त्यांना वागवते आहे. पहिल्या सुईलाच फरक दिसला. मॅडम म्हणाल्या, हे दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेत मांड. माझी तर दातखीळ बसली.

रविवारी ये.

खार


२० मे

माझ्या खारे,

बस आणि वाच. उभ्याने वाचू नकोस.

निरोपबिरोप काही नव्हता. मी तुझ्यापासून लपवलं, कारण हरले असते तर तुझी कवळी हरली असं तुला वाटलं असतं. गोष्ट अशी: नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाला आमच्या बँडला बोलावणं आलं आणि त्यात क्लॅरिनेटचा एकटीचा मोठा तुकडा आहे. तो कोणी वाजवायचा यावर कुरबुर सुरू झाली. मास्तर न्यायी माणूस. म्हणाले, पडद्याआडून परीक्षा घेऊ, ज्याचा सूर चांगला तो वाजवेल. बाहेरच्या बँडचे दोघे परीक्षक आणि स्वतः मास्तर. जाड पडदा हवा होता. तो शिवायला कोणाकडे आला असेल? दुहेरी कापडाचा शिवला मी, आरपार एक किरण दिसणार नाही असा.

पडदा टांगून झाला. मास्तर घडी घातलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या वाटायला लागले. मी हात पुढे केला.

"बाई?" ते म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"चिठ्ठी द्या, मास्तर."

ते घुटमळले. मला वाटलं, झालं, पुन्हा ती माया. तेवढ्यात आपली दुसरी क्लॅरिनेटवाली पोरगी म्हणाली, "सर, बाई वाजवणार नसतील तर मीही वाजवणार नाही. मला त्यांची खुर्ची अशी नकोय." मास्तरांनी मुकाट्याने चिठ्ठी दिली. तीन नंबर.

चालण्यावरून कोणी ओळखू नये म्हणून बूट काढायचे होते. मोज्यांवर मी पडद्याआड गेले. क्लॅरिनेट ओठाला लावली आणि त्या रविवारी तुझ्या दवाखान्यात माप देताना दुमडला होता तसा ओठ दुमडला. खारे, पहिल्या सुरातच कळलं. कवळी जागच्या जागी होती, माझा जबडाच वाटत होता तो. खचली नाही, उचलली नाही, टोचली नाही. मी हळूहळू जोर वाढवत गेले, तरी ती हलेना. मग मला माज चढला म्हण. वरचा सूर आला, ज्यावर मी त्या दिवशी फुटले होते तोच. धरला. अजून धरला. खाली अग्निशमनवाल्यांनी गाडी धुणं थांबवलं, पाण्याचा आवाज बंद झाला. छाती रिकामी होईपर्यंत धरला, आणि मग खाली आणला, घरंगळत, एकही पायरी न चुकवता. शेवटचा खर्जाचा सूर संपला तेव्हा मला कळलं की मी डोळे मिटून हसते आहे. वाजवताना हसायचं नसतं, ओठ सुटतो.

मग सगळे नंबर झाले. परीक्षक कुजबुजले. बाहेरून आलेला जाडा परीक्षक मोठ्याने म्हणाला, "यात चर्चा कसली करायची? तीन नंबर. कोण तरुण आहे तो? काय जबडा आहे!"

मी माझ्याच हाताने शिवलेला पडदा माझ्याच हाताने बाजूला केला. मोज्यांवर उभी, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

मास्तर उठले, माझ्याजवळ आले. डोळे भरले होते त्यांचे. "बाई," म्हणाले, "मी तुम्हाला ट्रँगल दिला."

"चांगला होता ट्रँगल," मी म्हटलं. "पण दुसऱ्या कोणाला तरी द्या."

मग जो गोंधळ झाला! ती पोरगी माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, तो वरचा सूर मला शिकवा. शिकवणार आहे. ढोलवाल्याने ढोल बडवला. जाड्या परीक्षकाने माझ्या दातांकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "खरे का?" मी म्हटलं, "खरे नाहीत. पण माझे आहेत. भाचीने बसवलेत."

उद्घाटन सहा जूनला. तिसऱ्या रांगेतली जागा तुझ्या नावाने धरून ठेवली आहे.

आत्या


९ जून

आत्या,

घरी पोचले. उद्घाटन होऊन तीन दिवस झाले तरी कान अजून भरलेले आहेत, म्हणून हे तुला लिहून टाकते. तिथे तुझ्याभोवती इतकी गर्दी होती की मला तुझ्या कोपराला हात लावण्यापलीकडे काही करता आलं नाही.

आधी माझं. परिषद झाली. बोलायला उभी राहिले तेव्हा पहिल्या रांगेतले एक गृहस्थ जांभई देत होते. मी चकत्यांचे आकडे बाजूला ठेवले आणि एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. तिचं अस्तर कडक झालं आणि तिला वाटलं, आपणच म्हाताऱ्या झालो. मग चकत्या दाखवल्या. कोमट पाण्यातल्या, उकळत्या पाण्यातल्या, ब्लीचमधल्या. जांभईवाल्यांचं तोंड मिटलं. शेवटी सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. आता आमच्या दवाखान्यात मऊ अस्तर लावलेला एकही माणूस तसाच घरी जात नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि अमुक दिवशी दाखवायला या, हे समोर बसवून सांगतो आम्ही. 'सवय होईल' हे वाक्य मॅडमनी बंद करून टाकलंय. तुझी कवळीही दाखवायला आणायची आहे, विसरू नकोस. सिलिकॉन असलं तरी कडा बघायला हव्यात.

आता तुझं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते, मला ओळखत नव्हते. बँड सुरू झाला. तू पहिल्या खुर्चीवर, पाठ ताठ. मी वाद्य ऐकतच नव्हते, तुझा खालचा ओठ बघत होते. जरा हलला की मी खुर्चीत पुढे सरकायचे. मग तुझा तुकडा आला, तू उभी राहिलीस, आणि दोन ओळींनंतर मी ओठ बघायचं विसरले. मी फक्त ऐकलं. इतक्या वर्षांत तुला मी पहिल्यांदाच नुसतं ऐकलं असेल.

तू वरचा सूर धरलास तेव्हा माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. तू सोडेचना! ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "या बाई कोण आहेत?"

"माझी आत्या," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण पुढच्या रांगेतल्या दोघी वळल्या.

मग तू खाली आलीस, संपवलंस. आणि मग सगळं नाट्यगृह उभं राहिलं. टाळ्यांनी काही भागत नव्हतं. म्हणून मी खुर्चीवर चढले, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी कडक शिट्टी मारली की कोटवाले गृहस्थ दचकून खाली बसले.

तुझी खार